भूल देणाऱ्या पहिल्या बाई : हैदराबादच्या डॉ. रूपाबाई फरदूनजी

घरातल्या कुणाला घास गिळताना त्रास व्हायला लागला, की डॉक्टर दुर्बिणीने तपासून घ्या म्हणतात. भोकरदन, अंबड, परतूरकडची माणसं त्यासाठी जालन्याला नाही तर औरंगाबादला जातात. नळी आत घालण्याआधी घशात एक कडवट फवारा मारतात आणि घसा बधिर होतो. त्या फवाऱ्यात बहुतेक वेळा लिग्नोकेन असतं. १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालेलं हे औषध. दुखणं कळू नये म्हणून औषध लागतं, तसंच ते दिल्यावर पेशंटच्या श्वासावर नजर ठेवणारं माणूसही लागतं. हे काम शिकून करणारी जगातली पहिली बाई जिला मानतात, ती आपल्याच जुन्या राज्यातली होती.

जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. राजधानीत १८४६ साली वैद्यकीय शाळा निघाली होती, आणि सुरुवातीला तिथलं शिक्षण चक्क उर्दूतून चालायचं. पास होणाऱ्याला हकीम ही पदवी मिळायची. १८८५ साली या शाळेत पाच मुली दाखल झाल्या. त्यातली एक पारशी घरातली रूपाबाई फरदूनजी.

त्या काळी मुलीने डॉक्टरकी शिकणं म्हणजे लोकांच्या नजरा झेलणं. पण गरज मोठी होती. पडद्यात राहणाऱ्या कितीतरी बायका पुरुष डॉक्टरसमोर जायच्या नाहीत. मुसलमान घरात हे होतं, हिंदू घरातही होतं. दुखणं अंगावर काढायचं, नाही तर जीव गमवायचा. ऑपरेशनच्या वेळी बेशुद्ध व्हायचं म्हटल्यावर तर भीती आणखीच वाढायची. अशा वेळी उशाशी एक बाई उभी आहे, एवढ्यानेही धीर यायचा.

शाळेचे प्रमुख होते डॉ. एडवर्ड लॉरी. तेव्हा भूल द्यायला क्लोरोफॉर्म वापरत. कपड्यावर टाकून ते हुंगवायचं. थोडं जास्त झालं की माणूस उठायचाच नाही. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की हृदय, यावर जगभर वाद चालू होता. तो सोडवायला हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन कमिशन बसली. दुसऱ्यासाठी निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड दिले आणि लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले. आधी श्वास थांबतो, म्हणून डोळा श्वासावर ठेवा, असा निष्कर्ष निघाला. हृदयही अचानक बंद पडू शकतं, हे पुढे सिद्ध झालं, म्हणजे तो निष्कर्ष अर्धाच खरा होता. पण श्वासावर पहारा ठेवायची शिस्त मात्र कामाचीच ठरली.

त्याच वातावरणात रूपाबाई शिकल्या आणि १८८९ साली हकीम झाल्या. रेसिडेन्सीचा दवाखाना, अफजलगंजचा दवाखाना आणि जनाना दवाखाना इथे त्यांनी भूल देण्याचं काम केलं. नोकरी मिळाली म्हणून शिकणं मात्र सोडलं नाही. १९०९ मध्ये, वीस वर्षांच्या अनुभवानंतर, ॲनी बेझंट यांच्या ओळखीच्या पत्रावर त्या एडिनबरोला गेल्या. तिथे पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकल्या, कारण भूल द्यायची तर वायू आणि औषधं नीट समजायला हवीत. पुढे त्या चादरघाट दवाखान्याच्या प्रमुख झाल्या आणि १९२० साली निवृत्त झाल्या.

आज क्लोरोफॉर्म गेला आणि नुसता घसाच बधिर करता येतो. पण रूपाबाईंच्या कामातला धडा घरच्यांनाही लागू आहे. घसा बधिर असताना गिळलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून तपासणीनंतर अम्मीला लगेच चहा देऊ नका, डॉक्टर सांगतील तेवढा वेळ थांबा. आधी कधी भुलेच्या औषधाचा त्रास झाला असेल तर तो आधीच सांगा. अन्ननलिका रुंद केल्यावर किंवा रबर बँड लावल्यावर छातीत थोडं दुखू शकतं. कधी कधी डॉक्टर त्यासाठी बधिर करणारं पातळ औषध घोट घोट घ्यायला देतात. ते सांगितलं तेवढंच घ्या. छातीत खूप दुखत असेल, दम लागत असेल, ताप आला किंवा रक्ताची उलटी झाली, तर दुखणं औषधाने दाबून घरी बसू नका. ताबडतोब दवाखाना गाठा.

आणि घरातली मुलगी डॉक्टर व्हायचं म्हणाली, तर तिला रूपाबाईंची ही गोष्ट नक्की सांगा. १८८५ साली जे जमलं, ते आज का जमू नये?