सालाहच्या ऐंशी वर्षं आधी: सेल्टिककडून खेळलेले मोहम्मद सलीम

आपल्याकडे शिरूर-दौंडच्या पोरांना फुटबॉल म्हटलं की मोहम्मद सालाह आठवतो. नाव विचारा, गोल विचारा, सगळं तोंडपाठ. पण सालाहच्या ऐंशी वर्षं आधी आपल्याच देशातला एक मोहम्मद युरोपातल्या नामांकित क्लबची जर्सी घालून मैदानात उतरला होता, आणि तोही बूट न घालता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यांचं नाव मोहम्मद सलीम.

सलीम यांचा जन्म 1904 चा, कोलकात्याच्या मटियाबुर्ज वस्तीतला. अवधचं राज्य गेल्यावर नवाब वाजिद अली शाह जिथे येऊन राहिले, तोच हा भाग. घर साधं, मध्यमवर्गाच्याही थोडं खालचं. सलीम सात वर्षांचे असताना, 1911 मध्ये, मोहन बागानच्या पोरांनी गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली. त्या संघातले एक सोडून बाकी सगळे अनवाणी खेळले होते. मग बंगालच्या गल्लीबोळात फुटबॉलचं वेड लागलं, त्यातून सलीमही सुटले नाहीत. औषधं बनवण्याचं शिक्षण त्यांनी घेतलं खरं, पण जीव मैदानातच रमायचा. दोन-चार क्लब फिरून 1934 मध्ये ते मोहम्मेडन स्पोर्टिंगमध्ये परतले.

इथे जरा थांबायला हवं, कारण सलीम यांची गोष्ट सांगताना लोक हाच भाग गाळतात. 1934 पर्यंत कलकत्ता लीग एकाही हिंदी संघाने जिंकली नव्हती. मोहम्मेडनने त्या वर्षी ती जिंकली आणि 1938 पर्यंत लागोपाठ पाच वेळा जिंकली. 1936 मध्ये तर लीग आणि शील्ड दोन्ही एकाच हंगामात! उजव्या बाजूने चेंडू घेऊन पळणारे सलीम या संघाचे मुख्य खेळाडू होते. म्हणजे ते स्कॉटलंडला गेले ते कुणी हौशी गडी म्हणून नव्हे, तर देशातल्या सगळ्यात तगड्या संघातून.

1936 मध्येच बर्लिन ऑलिम्पिकला निघालेला चीनचा संघ कोलकात्यात दोन सामने खेळला. पहिल्यात सलीम चमकले. दुसऱ्याच्या आधी ते गायबच झाले. शोधाशोध झाली, वर्तमानपत्रांतून आवाहनं झाली. सलीम तोवर एका नातेवाइकाबरोबर कैरोमार्गे विलायतेच्या वाटेवर होते. हे नातेवाईक ग्लासगोकडे दुकान चालवायचे. त्यांनी सलीमना थेट सेल्टिकचे मॅनेजर विली मेली यांच्यापुढे उभं केलं.

सेल्टिक क्लबही आपल्याला ओळखीचाच वाटेल. 1887 मध्ये ग्लासगोच्या पूर्व भागातल्या आयरिश कॅथलिक गरिबांच्या पोरांना जेवण मिळावं, म्हणून एका धर्मबंधूंनी तो उभा केला. अल्पसंख्याकांचा क्लब, वस्तीच्या अभिमानाचा क्लब. मोहम्मेडनचंही तसंच. सलीम एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात गेले, असंच म्हणा ना.

मेली 1897 पासून क्लब सांभाळत होते. अनवाणी माणूस स्कॉटलंडच्या बुटवाल्या गड्यांपुढे कसा टिकेल, ही शंका त्यांना आली नसती तरच नवल. तरी त्यांनी चाचणी घेतली, आणि सलीम पास झाले. क्लबचे जिमी मॅकमेनेमी त्यांच्या पायांना पट्ट्या बांधत आहेत, तो फोटो आजही फिरतो.

त्या फोटोबरोबर व्हॉट्सॲपवर जे येतं, ते मात्र तपासून घ्यावं. सलीम सेल्टिकच्या मुख्य संघातून लीग खेळले नाहीत. ते खेळले राखीव खेळाडूंच्या अलायन्स स्पर्धेत, दोन सामने. हॅमिल्टनविरुद्ध 5-1 आणि ऑगस्टच्या अखेरीस गॅलस्टनविरुद्ध 7-1. सातपैकी तीन गोल त्यांच्या चालीतून झाले, पेनल्टी मारायला सांगितल्यावर ते लाजले, असं तिथल्या वर्तमानपत्राने दुसऱ्या दिवशी छापलं. मुख्य संघात त्यांची उजवीकडची जागा जिमी डेलानीकडे होती, वय जेमतेम बावीस, स्कॉटलंडकडून खेळणारा. सलीम बत्तीस वर्षांचे. शिवाय सेल्टिक आदल्याच हंगामात लीग जिंकून बसलेला, त्यात मॅकग्रोरीने एकट्याने 50 गोल केले होते. अशा घरात दोन सामन्यांत एवढं नाव करणं, हे कमी आहे का? वाढवून सांगायची गरजच काय?

पण सलीम थांबले नाहीत. घरची ओढ लागली होती. त्यांना ठेवून घेण्यासाठी क्लबने एका मदतसामन्याच्या उत्पन्नाचे 5 टक्के देऊ केले, ती रक्कम 1800 पौंड झाली आणि सलीमनी ती अनाथ मुलांना देऊन टाकली, असं घरचे सांगतात. आकडा जरा मोठाच वाटतो, पण देऊन टाकल्याची गोष्ट कुणी खोटी म्हटलेली नाही. जर्मनीतूनही बोलावणं होतं म्हणे. तेही सोडून काही महिन्यांत ते कोलकात्याला परतले.

त्या हंगामाचा शेवट सलीमविनाच झाला. सेल्टिक लीगमध्ये रेंजर्स आणि ॲबरडीनच्या मागे तिसरा आला. एप्रिल 1937 मध्ये मात्र हॅम्पडन पार्कवर 1 लाख 46 हजारांवर लोकांसमोर ॲबरडीनला 2-1 हरवून त्याने स्कॉटिश कप उचलला. उजव्या बाजूला डेलानीच होता.

इकडे मोहम्मेडनची घोडदौड चालूच राहिली. 1937 आणि 1938 ची लीग त्यांचीच. त्याच 1937 मध्ये आपल्या मुंबईत बेंगलोर मुस्लिम्सने रोव्हर्स कप जिंकला, तो जिंकणारा पहिला हिंदी संघ. 1940 मध्ये रोव्हर्स कप आणि ड्युरँड कप, दोन्ही मोहम्मेडनने नेले. त्या दहा वर्षांत लष्करी संघांची मक्तेदारी मोडली ती अशी, एकेका चषकाने.

सलीम यांचा शेवटचा काळ आजारपणात गेला. तेव्हा त्यांच्या मुलाने सेल्टिकला पत्र लिहिलं. पैसे मागण्याचा हेतू नव्हता, क्लबला अब्बांची आठवण आहे का, एवढंच पाहायचं होतं, असं त्याने पुढे सांगितलं. ग्लासगोहून उत्तर आलं, सोबत 100 पौंडांचा ड्राफ्ट. 1980 मध्ये सलीम गेले. तो ड्राफ्ट घरच्यांनी वटवला नाही, जपून ठेवला.