'खुकरी'चा कप्तान

डिसेंबर उजाडला की गोमंतकाला एकोणीस तारखेचे वेध लागतात. १९६१ सालच्या त्या दिवसाचे ऋण आम्हां सर्वांवर आहे आणि त्याचे स्मरण आम्ही थाटाने करतो, हे योग्यच आहे. नौदलाचा दिन ४ डिसेंबरचा. १९७१ च्या युद्धात त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र-नौकांनी कराची बंदरावर धाड घातली, म्हणून. या दोन विजयदिनांच्या मधे ९ डिसेंबर ही तारीख येते आणि फारशी कोणाच्या लक्षात न येता निघून जाते. १९७१ साली त्या रात्री दीवच्या नैर्ऋत्येस सुमारे चाळीस सागरी मैलांवर 'खुकरी' ही आपली युद्धनौका शत्रूच्या पाणतीराने बुडाली आणि तिचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी तिच्याबरोबरच जलसमाधी घेतली.

दीव त्या काळी आमच्याच घरातले होते. १९८७ साली गोवा घटकराज्य होईपर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच संघप्रदेश होता. शिवाय 'खुकरी' गोमंतकाला परकी नव्हती. १९६१ च्या मुक्तिसंग्रामात विमानवाहू 'विक्रांत'भोवती ज्या नौकांचा ताफा होता, त्यात 'दिल्ली' आणि 'राजपूत' यांच्यासमवेत 'कुठार', 'कृपाण' आणि 'खुकरी' या तिघी बहिणीही होत्या. पोर्तुगीज सत्तेचा अंत झाला तेव्हा जी नौका पहाऱ्यावर होती, तीच दहा वर्षांनी, त्याच महिन्यात, मुक्त झालेल्या दीवच्या समुद्रात तळाशी गेली. एवढ्यासाठी तरी तिच्या कप्तानाचे चरित्र गोमंतकीयांना ठाऊक असावयास हवे.

मुल्ला हे कोकणी-मराठी मुलखातले नव्हेत. मूळ काश्मिरी पंडितांच्या घराण्यात १५ मे १९२६ रोजी गोरखपूर येथे त्यांचा जन्म झाला. घराण्याची परंपरा वकिलीची. समुद्र तेथून शेकडो मैल दूर. तरीही जानेवारी १९४६ मध्ये हा तरुण तत्कालीन रॉयल इंडियन नेव्हीत छात्र म्हणून दाखल झाला. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या गोदीत नाविकांचे बंड भडकले आणि गोऱ्या सत्तेच्या आरमाराखालची जमीन, म्हणावयाचे तर पाणी, सरकले. १ मे १९४८ रोजी मुल्ला यांना अधिकारपद मिळाले ते स्वतंत्र भारताच्या नौदलात. म्हणजे परक्या राजाच्या चाकरीत पाऊल टाकून स्वदेशाच्या सेवेत बाहेर पडलेली जी पिढी, तिचेच ते प्रतिनिधी होत.

त्यानंतरची तेवीस वर्षे शांतपणे चढत गेलेल्या नोकरीची आहेत. 'कृष्णा' या नौकेवर त्यांनी सेवा केली, एका विनाशिकेचे आधिपत्य केले, १९६४ ते १९६७ या काळात लंडनमधील आपल्या उच्चायुक्तालयात ते उपनौदल सल्लागार होते. मुंबईतील 'आंग्रे' या किनाऱ्यावरील नौदल-ठाण्याची धुराही त्यांनी सांभाळली. कान्होजींचे नाव धारण करणाऱ्या त्या वास्तूतून निघून फेब्रुवारी १९७० मध्ये ते 'खुकरी'वर आले. वय त्रेचाळीस, घरी पत्नी आणि दोन मुली.

'खुकरी' ही इंग्लंडात बांधलेली, १९५८ साली नौदलात आलेली फ्रिगेट जातीची नौका होती. पाणबुड्यांचा शोध घेऊन त्यांचा नाश करणे, हेच तिचे मुख्य काम. परंतु ज्या पाणबुडीशी तिची गाठ पडावयाची होती ती नव्या जमान्याची होती. पाकिस्तानने फ्रान्सकडून 'दाफ्ने' जातीच्या तीन पाणबुड्या घेतल्या होत्या. 'हंगोर' ही त्यांपैकी एक. पाण्याखालील आवाज टिपणारे सोनार यंत्र 'खुकरी'पाशीही होते, पण त्याचा पल्ला तोकडा. 'हंगोर'ला आपल्या नौकांची चाहूल किती तरी मैलांवरून लागत असे. आंधळ्या शिकाऱ्याने डोळस वाघाच्या मागावर जावे, तसा हा प्रकार होता.

'हंगोर'ने आपल्या मुख्यालयाशी साधलेला बिनतारी संपर्क आपल्या किनाऱ्यावर पकडला गेला आणि ती काठेवाडच्या समुद्रात असल्याचे कळले. चौदाव्या फ्रिगेट दलाला मुंबईहून तिच्या मागावर धाडण्यात आले. 'कुठार'च्या बाष्पककक्षात स्फोट होऊन ती निकामी झालेली. म्हणून गेल्या त्या 'खुकरी' आणि 'कृपाण' दोघीच. मुल्ला या दलाचे प्रमुख होते. आपल्या यंत्रांचे उणेपण त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? 'खुकरी'वरच एक तरुण लेफ्टनंट सोनारचा पल्ला वाढविण्यासाठी स्वतः जुळविलेले उपकरण चालवून पाहत होता, आणि त्यासाठी नौकेचा वेग कमी ठेवावा लागत होता. शत्रूची पाणबुडी वावरत असलेल्या पाण्यात मंद चालणे हे संकटाला आमंत्रण होते, ही टीका पुढे झाली, ती नौदलातल्या जाणत्यांनीही केली, आणि ती गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. निर्णय कप्तानाचा होता. मात्र बाराशे गोष्टींची तरतूद करणाऱ्या दिल्लीच्या दफ्तरांनी जुन्या नौकांना नवे कान का दिले नाहीत, हाही प्रश्न त्याच दमात विचारला गेला पाहिजे. तो पुरेशा मोठ्याने कधी विचारला गेला नाही, अशी आमची तक्रार आहे.

९ डिसेंबरच्या रात्री 'हंगोर'ने पहिला पाणतीर 'कृपाण'वर सोडला. तो न फुटता खालून निघून गेला. दुसरा 'खुकरी'ला लागला, तेव्हा पावणेनऊ वाजून गेले होते. नौकेच्या पोटात स्फोट झाले, दिवे गेले, आणि अवघ्या काही मिनिटांत ती पाण्याखाली जाऊ लागली. तिसरा पाणतीर 'कृपाण'च्या रोखाने आला आणि तिला तेथून दूर व्हावे लागले. अंधार, थंडी, पाण्यावर पसरलेले तेल, आणि खालच्या मजल्यांवर कोंडलेली माणसे!

त्या मिनिटांत मुल्ला यांनी काय केले, ते वाचलेल्या सोबत्यांनी सांगितले म्हणून आपल्याला कळले. नौका सोडण्याचा हुकूम त्यांनी दिला. जवळ होते त्यांना त्यांनी समुद्रात उतरावयास लावले, कचरणाऱ्यांना अक्षरशः ढकलले. स्वतःचे जीवरक्षक जाकीट त्यांनी एका नाविकाला देऊन टाकले. बाहेर पडण्याची विनवणी झाली ती त्यांनी मानली नाही. पाण्यात पडलेल्यांनी मागे वळून पाहिले तेव्हा कप्तान नौकेच्या सेतूवर होते, आणि नौका बुडत होती.

दुसऱ्या दिवशी 'कच्छल' आणि 'कृपाण' त्या जागी पोहोचल्या. सहा अधिकारी आणि एकसष्ट नाविक, मिळून ६७ जण हाती लागले. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडविल्याचा जगातील हा पहिलाच प्रसंग. 'हंगोर'चा माग काढण्यासाठी पुढे अनेक दिवस मोहीम चालली. ती निसटून गेली.

बुडत्या नौकेबरोबर कप्तानाने बुडावे, असा नियम कोणत्याही नौदलाच्या पुस्तकात नाही. व्यवहारी माणूस म्हणेल की अनुभवी अधिकारी वाचणे हेच देशाच्या हिताचे होते. आम्हांला हा हिशेब समजतो, पण पटत नाही. ज्याच्या हुकमाने अडीचशे माणसे त्या पाण्यात आली होती आणि त्यांतली बहुतेक खालीच अडकली होती, त्याने हातात राहिलेली मिनिटे इतरांना बाहेर काढण्यात घालविली. मग स्वतःसाठी मिनिट उरले नाही, आणि ते त्याने मागितलेही नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या तांडेलाला किंवा जन्मभर बोटीवर राबलेल्या तारवट्याला हे फोड करून सांगावे लागणार नाही. चुकीची किंमत दुसऱ्यावर ढकलण्याची कला ज्या देशात आता राजरोस शिकविली जाते, तेथे या माणसाने सेतूवर उभे राहून जबाबदारीचा अर्थ सांगितला, एवढे आम्ही जरूर म्हणू.

सरकारने मुल्ला यांना मरणोत्तर महावीर चक्र दिले. टपालाचे तिकीट निघाले ते २००० साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. दीवच्या समुद्रकाठी टेकडीवर स्मारक उभे राहिले तेही १९९९ च्या डिसेंबरात. काचेच्या घरात 'खुकरी'ची छोटी प्रतिकृती आहे आणि समोर मोकळा समुद्र. मेजर जनरल इयन कार्डोझो यांनी वाचलेल्यांच्या आठवणी मिळवून त्यांचे पुस्तक केले, ते २००६ साली. तोवर कित्येक साक्षीदार काळाआड गेले असतील. कप्तानाचे नाव निदान टिकले. त्या १७६ नाविकांपैकी एकाचेही नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

माझगाव गोदीत बांधलेली दुसरी 'खुकरी' १९८९ साली नौदलात आली. बत्तीस वर्षे सेवा करून ती डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि २६ जानेवारी २०२२ रोजी दीवच्या प्रशासनाच्या स्वाधीन करण्यात आली. पहिली 'खुकरी' तेथून चाळीस मैलांवर, आपल्या कप्तानासह, पाण्याखाली आहे.