गाविलगडाचा फतहुल्ला

(वऱ्हाडात इमादशाही स्थापन करणाऱ्या फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याचे आणि त्याच्या घराण्याचे चरित्र या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी चिखलदऱ्याला गेले आहे का? परतवाड्याहून निघालेली गाडी वळणे घेत घाट चढू लागते, तशी हवा थंड होत जाते. चिखलदऱ्याजवळच सातपुड्याच्या एका उंच माथ्यावर गाविलगड हा जुना किल्ला आहे. तिकडे अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातील शहानूर गावाजवळ नरनाळा किल्ला आहे. आज या दोन्ही किल्ल्यांवर गवत माजले आहे आणि भोवती मेळघाटचे जंगल पसरले आहे. पण एके काळी येथे माणसांची वर्दळ होती आणि तलावांवर पाणी भरायला गर्दी होत होती. या डोंगरांवर एका घराण्याने राज्य केले. त्या घराण्याचा मूळ पुरुष युद्धात पकडलेला एक लहान मुलगा होता. त्याची गोष्ट आज आपण वाचू या.

पंधराव्या शतकात दक्षिणेत दोन मोठी राज्ये होती. एक बहमनी सुलतानांचे आणि दुसरे विजयनगरचे. त्यांच्यात वारंवार लढाया होत. अशाच एका लढाईत बहमनी सैन्याने विजयनगरच्या मुलखातून एक मुलगा पकडून आणला. तो हिंदू घरातला होता. आईवडील, घर, भाषा सारे मागे राहिले. त्याचे जन्मनावही इतिहासाच्या पानांत उरले नाही. मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि त्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा.

हा मुलगा वऱ्हाडचा सुभेदार खान जहान याच्याकडे देण्यात आला. तेथे तो मुसलमान झाला आणि फतहुल्ला या नावाने वाढला. खान जहानने त्याला आपल्या खास पहाऱ्याच्या शिपायांत घेतले. फतहुल्ला हुशार होता, धाडसी होता आणि मुख्य म्हणजे विश्वासू होता. खान जहान वारल्यावर तो सुलतानाच्या दरबारात गेला. तेथे महमूद गावान या थोर वजिराची नजर त्याच्यावर पडली. माणसांची पारख असलेल्या या वजिराने त्याला पुढे आणले. फतहुल्लाला इमाद-उल-मुल्क हा किताब मिळाला. उर्दू जाणणाऱ्या तुम्हांला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. इमाद म्हणजे खांब, आधार. १४७१ मध्ये हा राज्याचा आधारस्तंभ वऱ्हाडचा सुभेदार झाला. ज्या मुलखात तो बंदिवान म्हणून आला होता, त्याच मुलखाचा कारभार आता त्याच्या हाती आला.

पुढे त्याच्या निष्ठेची कसोटी लागली. सुभेदार फार बलवान झाले, तर एक दिवस राज्य फुटेल, हे महमूद गावानने ओळखले होते. म्हणून त्याने चार सुभ्यांचे आठ सुभे केले. वऱ्हाडचेही दोन भाग झाले. गाविलचा भाग फतहुल्लाकडे राहिला आणि माहूरचा भाग खुदावंदखानाकडे गेला. सुभेदाराच्या हाती एकच किल्ला राहील, बाकीच्या किल्ल्यांवर सुलतान आपले किल्लेदार नेमील, असाही नियम झाला. यामुळे अनेक सरदार चिडले. फतहुल्लाचाही अर्धा मुलूख गेला होता.

चिडलेल्या सरदारांत मलिक हसन हा प्रमुख होता. फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो, की मलिक हसनसुद्धा विजयनगरच्या मुलखातून पकडून आणलेला मुलगाच होता. दोघांचे बालपण सारखे, दोघांचे दुःख सारखे. पण दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. गावानच्या शत्रूंनी त्याचा शिक्का असलेल्या कोऱ्या कागदावर खोटे पत्र लिहिले आणि ते सुलतानाला दाखवले. सुलतानाने चौकशी केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी त्या वृद्ध, निरपराध वजिराला ठार मारण्यात आले.

फतहुल्ला या कटात सामील झाला नाही. वजिराच्या सुधारणेने त्याचा अर्धा सुभा गेला होता, तरी त्याच वजिराने आपल्याला वर आणले, हे तो विसरला नव्हता. बातमी कळताच तो आणि खुदावंदखान सुलतानाच्या भेटीला आले. पण त्यांनी आपली छावणी शाही छावणीपासून दूर ठेवली. जेथे निरपराध माणसाला न्याय मिळत नाही, तेथे जवळ जाण्यात धोका आहे, हे त्यांना कळून चुकले होते. पुढे फतहुल्ला आपल्या सुभ्यात परतला.

आता त्याने डोंगरातील किल्ल्यांकडे लक्ष दिले. माळव्याच्या सुलतानाने पूर्वी वऱ्हाडवर स्वाऱ्या केल्या होत्या. उत्तरेकडून येणाऱ्या वाटा सातपुड्याच्या खिंडींतून जात. त्या वाटांवर नजर ठेवायची, तर गाविलगड आणि नरनाळा मजबूत हवेत. नरनाळ्यावर त्याने १४८७ मध्ये एक देखणा दरवाजा बांधला. आज त्याला महाकाली दरवाजा म्हणतात. त्यावर दगडात कोरलेली कमळे आहेत, जाळीदार सज्जे आहेत आणि सुंदर अक्षरांतील लेख आहे. त्या लेखात राजा म्हणून बहमनी सुलतानाचेच नाव आहे. सुलतान दुबळा झाला होता, तरी फतहुल्लाने अजून त्याचे नाव टाकले नव्हते.

पण बीदरला सत्ता दुसऱ्यांच्याच हाती गेली. अखेर १४९० मध्ये अहमदनगर, विजापूर आणि वऱ्हाड येथील सुभेदार स्वतंत्र झाले. फतहुल्लाने एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे आपली राजधानी केली. वऱ्हाडच्या इमादशाहीची ही सुरुवात होय. त्या वेळी तो बराच वृद्ध झाला होता. १५०४ मध्ये तो मरण पावला.

त्याचा मुलगा अलाउद्दीन गाविलगडावर राहू लागला. आता या घराण्याचे घर डोंगरावर होते. पण शेजारी शांत बसू देईना. मलिक हसनचे वंशज अहमदनगरचे राजे झाले होते. पाथरी हे आपल्या पूर्वजांचे गाव आहे, ते आम्हांला द्या आणि बदल्यात दुसरा मुलूख घ्या, असे बुऱ्हाण निजामशहाने कळवले. अलाउद्दीनने नकार दिला. १५१८ मध्ये निजामशहाने पाथरी जिंकून घेतली. दोन कैदी मुलांच्या नातवा-पुत्रांत अशी एका गावासाठी लढाई झाली. अलाउद्दीननंतर दर्या इमादशहा आणि त्याच्यानंतर बालवयाचा बुऱ्हाण गादीवर आला. तुफालखान या कारभाऱ्याने त्या मुलाला नरनाळ्यावर कैद केले आणि सत्ता बळकावली. १५७४ मध्ये मुर्तझा निजामशहाने वऱ्हाड जिंकले. तुफालखान आणि बुऱ्हाण दोघेही पकडले गेले आणि दूरच्या एका किल्ल्यात कैदेतच मरण पावले. जे घराणे एका कैदी मुलापासून सुरू झाले, ते एका कैद्याबरोबरच संपले. मधली चौऱ्याऐंशी वर्षे त्याने वऱ्हाडवर राज्य केले.

मित्रांनो, गाविलगडाला गेलात, तर तेथील दरवाजावर कोरलेले चित्र नीट पाहा. दोन तोंडांचा एक पक्षी आहे आणि त्याने हत्ती पकडले आहेत. याला गंडभेरुंड म्हणतात. हे कर्नाटकातील जुने चिन्ह आहे. विजयनगरच्या नाण्यांवरही ते आढळते. मग ते वऱ्हाडच्या डोंगरावर कसे आले? फतहुल्लाच्या जन्मभूमीची ती आठवण असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. एकाच घराण्याच्या किल्ल्यांवर अरबी-फारसी लेखही आहेत, कमळेही आहेत आणि गंडभेरुंडही आहे. ते एकमेकांच्या शेजारी पाचशे वर्षे उन्हापावसात उभे आहेत.

ज्याचे घर हिरावले गेले, त्याने परक्या मुलखाला आपले घर मानले. ज्याने हात दिला, त्याचे उपकार तो विसरला नाही. त्या दगडांवर कोळशाने आपले नाव लिहू नका. तेथे ज्याची आठवण आहे, त्याला स्वतःचे पहिले नावसुद्धा राखता आले नव्हते.

स्वाध्याय
१. फतहुल्ला वऱ्हाडात कसा आला?
२. महमूद गावानने सुभ्यांची संख्या का वाढवली?
३. फतहुल्ला आणि मलिक हसन यांच्यात कोणते साम्य व कोणता फरक होता?
४. तुमच्या गावाजवळील एखाद्या जुन्या इमारतीची माहिती मिळवून आठ-दहा ओळी लिहा.