राजवाडे, मोडी आणि न वाचता येणारा रेगेक्स

धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आमच्या जळगावहून शंभर किलोमीटरच्या आत आहे. ज्यांच्या नावाने ते उभं आहे, त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं आयुष्य कोड लिहिणाऱ्यांनी मुद्दाम वाचावं असं मला वाटतं. लिहिणाऱ्याची सोय झाली की वाचणाऱ्याला किती किंमत मोजावी लागते, याचा हिशेब त्यात आहे.

राजवाडे १८६३ साली कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या वरसईला जन्मले. १८९१ मध्ये डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले. पत्नी लवकर वारली, पुन्हा लग्न केलं नाही. मग सुरू झाली ती भटकंती: गावोगावच्या जुन्या वाड्यांमधून मराठेशाहीची दप्तरं शोधत फिरायचं. वाईला मिळालेल्या पत्रांमधून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. त्यात पानिपतपर्यंतच्या काळातला पत्रव्यवहार होता. पुढे असे बावीस खंड झाले.

ही बहुतेक कागदपत्रं मोडीत होती. मोडी ही कारकुनाच्या सोयीची लिपी. आधी ओळभर रेघ मारून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जायचं. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, नेहमीचे शब्द आखूड करून टाकलेले. 'दिन' आणि 'दीन' दिसायला सारखेच, अर्थ संदर्भावरून लावायचा. पत्र ज्याला जायचं त्याला संदर्भ ठाऊक असायचा, म्हणून तेव्हा अडत नव्हतं. शे-दीडशे वर्षांनी वाचायला बसलेल्या राजवाड्यांकडे मात्र तो संदर्भ नव्हता.

आता आपल्या कामाकडे येऊ. रेगेक्स म्हणजे मजकुरातला ठरावीक साचा शोधायची खुणांची भाषा. तारीख शोधायची असेल तर आपण झटकन असं लिहितो:

([०-९]+)-([०-९]+)-([०-९]+)

लिहायला दहा सेकंद लागतात. पण यातला दिवस कुठला आणि महिना कुठला? लिहिणाऱ्याला माहीत आहे, दोन वर्षांनी हा कोड हातात येणाऱ्याला नाही. हीसुद्धा मोडीच झाली. जावास्क्रिप्टमध्ये तेच असंही लिहिता येतं:

(?<दिवस>[०-९]+)-(?<महिना>[०-९]+)-(?<वर्ष>[०-९]+)

लांब झालं खरं, पण आता कुणाला विचारायला जावं लागत नाही. १९९४ मध्ये आलेल्या पर्ल ५ ने तर रेगेक्स अनेक ओळींत मांडून मध्ये टिपा लिहायची सोय केली. पायथॉनमध्येही ती आहे.

राजवाड्यांनी कागदांवर जे केलं ते याच जातीचं काम होतं. मोडी मजकूर बाळबोधीत उतरवायचा, शब्द सुटे करायचे, प्रत्येक कागदाला लेखांक द्यायचा, शक्य तिथे तारीख ठरवायची, अडेल तिथे टीप द्यायची. भाषेच्या बाबतीतही तीच शिस्त. १९०९ मध्ये त्यांनी जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्यातल्या मराठीचं व्याकरणही लिहिलं.

१९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. नंतर मतभेद झाले आणि ते बाजूला झाले. शेवटचा काळ धुळ्यात गेला. मराठी धातूंचा कोश, शब्दांच्या व्युत्पत्तीचा कोश अशी मोठी कामं हातात असतानाच ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांचे कागद सांभाळायला धुळेकरांनी मंडळ काढलं आणि ते कोश त्यांच्या मागे छापून निघाले.

मोडीला नावं ठेवायचं कारण नाही. रोजची शेकडो पत्रं हातावेगळी करायला ती उत्तमच होती. तसंच रेगेक्सचं. टर्मिनलवर एकदा चालवून विसरून जायचा असेल तर खुशाल आखूड लिहा. पण तो रेपॉझिटरीत जाणार असेल, तर गटांना नावं द्या, ओळी सुट्या करा, टीप लिहा. कारकुनाने वाचवलेले चार क्षण भरून काढायला राजवाड्यांसारख्या माणसाची तीस वर्षं लागली. आणि मोडीची अजून न वाचलेली दप्तरं महाराष्ट्रात आजही पडून आहेत, ती वाचणारे मात्र मोजकेच उरलेत.