कडबा, नांगर आणि पाणी : लक्ष्मणराव किर्लोस्करांचे यंत्रगणित

दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूप परिसरात रब्बीची ज्वारी निघाली, की गोठ्यांमध्ये कडबाकुट्टीचा आवाज सुरू होतो. पेंढी एका बाजूने आत जाते आणि दुसरीकडून बोटभर लांबीचे तुकडे पडतात. अख्खा कडबा टाकला तर जनावर पाने खाते आणि जाड धाटे तुडवून टाकते. कुट्टी करून टाकली तर त्याच वैरणीवर ते जास्त दिवस निघते. दुष्काळी पट्ट्यात याचा अर्थ जनावर राखणे किंवा बाजारात नेणे, असा सरळ असतो. सव्वाशे वर्षांपूर्वी बेळगावच्या एका छोट्या कारखान्यातून जी पहिली यंत्रे बाहेर पडली, त्यांत हेच कडबा कापायचे यंत्र होते. ते बनवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला निघाले होते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. घर मराठी आणि आजूबाजूला कन्नड, असे ते वातावरण मंद्रूपकरांना अनोळखी वाटणार नाही. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे लक्ष मात्र शाळेच्या पुस्तकांत नव्हते. त्याला चित्रे काढायची होती आणि वस्तू उघडून पाहायच्या होत्या. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तिथे दोन वर्षांत एक गोष्ट लक्षात आली. त्यांना काही रंगांमधला फरक ओळखता येत नव्हता. डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांपैकी एखादा प्रकार नसला किंवा नीट काम करत नसला, तर ठरावीक रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. लाल-हिरव्याच्या गोंधळाचा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो आणि पुरुषांत खूप जास्त आढळतो. नजर तीक्ष्ण असते, आकार आणि अंतर अचूक कळते, म्हणून कित्येकांना हा दोष मोठेपणीच समजतो. त्यावर औषध नाही, पण तो वाढतही नाही. चित्रकलेचा रस्ता बंद झाला, तेव्हा लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाही. ते आराखडे काढायला शिकले आणि १८८७ साली मुंबईत सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये हाच विषय शिकवणारे साहाय्यक शिक्षक झाले.

तिथली कार्यशाळा हीच त्यांची खरी शाळा ठरली. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. यंत्र खोलायचे, भाग मोजायचे, कागदावर उतरवायचे आणि पुन्हा जोडायचे, या रीतीने ते शिकत गेले. १८८८ साली दोघा भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा त्या विकत. संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले.

कडबा कापायच्या यंत्रात त्यांना काय दिसले असेल, हे समजायला यंत्राच्या चाकाकडे पाहावे लागते. ते मुद्दाम जड असते आणि त्याचे बहुतेक वजन काठाकडे असते. हाताने दांडा फिरवताना माणसाचा जोर सगळ्या फेऱ्यात सारखा लागत नाही. ओढताना तो जास्त असतो, वर ढकलताना कमी. पात्याला मात्र कडबा समोर येईल त्या क्षणी पूर्ण जोर हवा असतो. जड चाक फिरत असताना ऊर्जा साठवून ठेवते आणि कापायच्या क्षणी ती देते. पात्याची धार दुसरे काम करते. तोच जोर अगदी चिंचोळ्या रेषेवर पडला, की दाब कित्येक पटींनी वाढतो आणि धाट तुटते. एका माणसाच्या हातात जेवढी शक्ती आहे तेवढीच राहते. यंत्र ती योग्य जागी आणि योग्य क्षणी पोहोचवते.

आज त्या चाकाला विजेची मोटर लागली आहे, आणि धोका तिथेच आहे. चाकाचा वेग दुप्पट झाला की त्यात साठलेली ऊर्जा चौपट होते. बटण बंद केल्यावर वीज थांबते, पण ही ऊर्जा संपेपर्यंत चाक फिरतच राहते. अडकलेली पेंढी काढायला त्या वेळी घातलेला हात पात्यापर्यंत ओढला जाऊ शकतो. चाक पूर्ण थांबल्याखेरीज हात न घालणे, पेंढी हाताने रेटण्याऐवजी लाकडाने सारणे, सैल बाह्या आणि पदर खोचून घेणे व लहान मुलांना दूर ठेवणे, एवढ्या गोष्टींनी बोटे आणि पंजे वाचतात.

कडब्यानंतर लक्ष्मणराव नांगराकडे वळले. दख्खनच्या काळ्या जमिनीत लाकडी नांगर ओढायला अनेकदा बैलांच्या दोन-तीन जोड्या लागत. तो माती फाडत पुढे जाई, उलथत नसे. हराळी आणि कुंदा यांची मुळे खालीच राहत. लोखंडी नांगराचा फाळ मातीचा थर खालून कापतो आणि त्यामागचा वळवलेला पत्रा तो थर उलटा करतो. वापरून गुळगुळीत झालेल्या लोखंडावरून माती सहज सरकते, घर्षण कमी होते आणि बैलांची ओढ थर कापण्याच्या कामी येते.

या ओढीचा हिशेब साधा आहे. समजा, बैलजोडी साठ किलो वजनाइतक्या जोराने ओढते आणि तासाला अडीच किलोमीटर चालते. साठ किलो म्हणजे सुमारे ६०० न्यूटन बल. तो वेग सेकंदाला सुमारे ७० सेंटीमीटर. दोन्हींचा गुणाकार सुमारे ४२० वॅट होतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा ही जोडी अर्ध्या अश्वशक्तीच्या थोडे वर काम करते. शेतकऱ्याजवळ एवढीच शक्ती असेल, तर तिच्यातला घर्षणात वाया जाणारा प्रत्येक भाग महाग पडतो.

विलायती लोखंडी नांगर तेव्हा बाजारात होते. लक्ष्मणरावांना तो इथेच ओतून, इथल्या बैलांना आणि मातीला जुळवून विकायचा होता. १९०३ च्या सुमारास त्यांचा नांगर तयार झाला आणि पडून राहिला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी भीती शेतकऱ्यांत पसरलेली होती. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. या काळात कारखाना चालला तो कडब्याच्या यंत्रांवर आणि भावांच्या चिकाटीवर. ज्याचे अख्खे वर्ष एका पिकावर अवलंबून आहे, तो शेतकरी नवी वस्तू आधी दुसऱ्याच्या रानात पाहतो. तशी काही शेते नांगरून झाली, तेव्हाच मागणी सुरू झाली.

पुढे बेळगाव नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा मागितली आणि बिऱ्हाड उचलायची वेळ आली. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या मुलखात जागा देऊ केली. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ती ३२ एकर जमीन निवडुंगाने भरलेली आणि सापांनी गजबजलेली होती. सोबत दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज मिळाले. १९१० साली मूठभर सहकाऱ्यांसह लक्ष्मणराव तिथे उतरले. निवडुंग तोडून उभी राहिलेली ही वस्ती म्हणजे आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी. तिथे शिवाशिव पाळायची नाही, असा त्यांचा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्यांना त्यांनी रखवालीचे काम दिले, हेही त्या काळी सोपे नव्हते.

पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेनासे झाले. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. १९२६ साली मुलगा शंतनुराव अमेरिकेतून यंत्र अभियांत्रिकी शिकून परतले आणि त्याच सुमारास कारखान्यातून पाणी उपसायचे पंप निघू लागले.

पंपाचे गणित नांगरापेक्षाही सरळ आहे. एक हजार लिटर पाणी, म्हणजे हजार किलो वजन, दहा मीटर उचलायला सुमारे ९८ हजार जूल ऊर्जा लागते. पाच अश्वशक्तीची मोटर सेकंदाला सुमारे ३,७०० जूल काम करू शकते. काहीच वाया गेले नाही, तर एवढे पाणी २६ सेकंदांत वर येईल. प्रत्यक्षात पंपातली गळती आणि पाइपमधले घर्षण यांत मोठा वाटा जातो. एकूण कार्यक्षमता निम्मी असेल, तर वेळ आणि विजेचे युनिट दोन्ही दुप्पट. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. नांगरावरचे घर्षण जसे बैलांना महाग पडे, तसे अरुंद पाइप आणि नको तितकी वळणे बिलात महाग पडतात.

मंद्रूपच्या शिवारात, भीमा आणि सीनेच्या काठी, या गणिताला आणखी एक बाजू आहे. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी झाला तरी पंपाला पाणी तेवढेच उचलायचे असते. मग मोटर जास्त प्रवाह ओढते. तारेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दीडपट झाला, तर उष्णता सव्वादोन पट होते. वाइंडिंगवरचे आवरण जळते आणि ऐन पाळीच्या दिवशी मोटर बंद पडते. कमी दाबात जबरदस्तीने मोटर चालवण्याचा खर्च असा निघतो.

माणसाच्या शरीराचे गणित याहून नाजूक आहे. छातीतून जाणारा काही दशक मिलिअँपिअरचा प्रवाहसुद्धा हृदयाची लय बिघडवू शकतो. घरातला पाच अँपिअरचा फ्यूज याच्या शंभर पट प्रवाहापर्यंत शांत बसतो. तो तारेला वाचवण्यासाठी असतो, माणसासाठी नाही. कोरड्या त्वचेचा रोध बराच असतो, ओल्या हातापायांचा फार कमी होतो. म्हणून पाळी देताना चिखलात उभे राहून स्टार्टरच्या लोखंडी पेटीला लावलेला हात धोक्याचा. पेटीचे आणि मोटरीचे अर्थिंग नीट असेल, तर गळणारा बहुतेक प्रवाह जमिनीत जातो. गळती ओळखून ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे स्विच बाजारात मिळतात. शॉक लागलेल्या माणसाला हात लावण्याआधी वीज तोडणे, श्वास नसेल तर छातीवर दाब देणे सुरू करणे आणि ताबडतोब दवाखाना गाठणे, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा.

लक्ष्मणरावांच्या हयातीतच किर्लोस्करांचा पसारा विजेपर्यंत पोहोचला. १९४६ साली बंगळुरात विजेच्या मोटरींसाठी आणि पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांसाठी कंपन्या निघाल्या. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

यंत्र समोर आले की ते आधी त्याचे भाग मोजत. तशी मोजमापे आज प्रत्येक मोटरीवर पत्र्याच्या छोट्या पाटीवर लिहिलेली असतात : अश्वशक्ती, व्होल्ट, अँपिअर आणि मिनिटाचे फेरे. पाच अश्वशक्तीच्या थ्री फेज मोटरीवर साधारण साडेसात अँपिअरचा आकडा दिसतो. स्टार्टरमधला प्रवाह तोडणारा रिले त्याच आकड्यावर लावलेला आहे का, हे पाण्याची पाळी येण्याआधी एकदा जाणत्या वायरमनकडून पाहून घ्यावे.