एडवर्ड फ्रँकलंड

एडवर्ड फ्रँकलंड यांचा जन्म १८ जानेवारी १८२५ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात झाला. ऐन शिकण्याच्या वयात त्यांना लँकेस्टर येथील एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करावी लागली. दिवसभर खलबत्त्यात औषधे कुटावयाची! परंतु गावातील डॉक्टरांच्या साहाय्याने फावल्या वेळी प्रयोग करावयास मिळत, आणि तेथेच त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली.

१८४९ साली ते जर्मनीतील मारबुर्ग येथे बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. शाळेतील बुन्सेन बर्नर याच बुन्सेन यांच्या नावाचा. फ्रँकलंड यांनी जस्त व मेथिल आयोडाइड हा द्रव काचेच्या नळीत घालून तिचे तोंड बंद केले व ती तापविली. नंतर नळी उघडून आत पाणी घालताच हिरवट-निळी ज्वाळा उसळली, ती कित्येक फूट लांब! अतिशय घाणेरडा दर्प सर्वत्र पसरला.

बुन्सेन यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आर्सेनिकच्या अशाच एका ज्वालाग्राही संयुगाच्या स्फोटात त्यांनी स्वतःचा एक डोळा गमावला होता. जस्तात आर्सेनिकची भेसळ असेल, तर येथे तेच विष तयार झाले असावे आणि हा तरुण आता वाचणे कठीण, असे भय त्यांनी बोलून दाखविले. तेव्हा ज्वाळेने चिनीमातीवर उमटविलेला काळा डाग तपासण्यात आला. तो आर्सेनिकचा नव्हता; जस्ताचा होता! सर्वांचा जीव भांड्यात पडला. तरीही जस्ताची थोडी बाधा फ्रँकलंड यांना झालीच.

धातू कोणता हे कळले; पण तो किती? हवा लागताच पेट घेणारा पदार्थ तराजूत ठेवावा तरी कसा? तो काचेच्या कुपीत बंद करूनच तोलावा लागतो. मग पाण्याच्या योगाने त्याचे विघटन करून त्यातील सारे जस्त पांढऱ्या चूर्णाच्या रूपाने मिळवितात व ते चांगले तापवून तोलतात. तापविल्यावर उरणाऱ्या जस्ताच्या भस्माच्या ८१ भागांत जस्त सुमारे ६५ भाग असते. त्यावरून मूळ पदार्थातील जस्ताचा हिशेब लागतो. फ्रँकलंड यांच्या या पदार्थात ते शंभरात ६८ ते ६९ भाग भरते.

कथील, आर्सेनिक, अँटिमनी यांच्या संयुगांचे असेच आकडे त्यांनी शेजारी शेजारी मांडले, आणि एक विलक्षण गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आर्सेनिक, अँटिमनी, नत्र आणि स्फुरद यांना बहुधा तीन किंवा पाचच भागीदार लागतात. मग ते भागीदार कोणीही असोत. १८५२ साली त्यांनी हा विचार रॉयल सोसायटीपुढे मांडला. त्यातूनच पुढे संयुजेची कल्पना विकसित झाली.

त्यानंतर लंडनच्या पिण्याच्या पाण्याची परीक्षा त्यांनी वर्षानुवर्षे केली. १८९७ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. ९ ऑगस्ट १८९९ रोजी, नॉर्वेत सुटी घालवीत असता, त्यांचे निधन झाले.