ताराबाई शिंदे : बुलढाण्याची निर्भीड लेखिका

बुलढाणा जिल्हा म्हटला की लोणारचे सरोवर आठवते, सिंदखेडराजा येथील जिजाऊंचे जन्मस्थान आठवते. ताराबाई शिंदे हे नाव मात्र पटकन ओठांवर येत नाही. आपल्या राज्यघटनेच्या १४व्या कलमाने प्रत्येकाला कायद्यापुढे समानता आणि कायद्याचे समान संरक्षण दिले. ते अंमलात येण्याच्या ६८ वर्षे आधी बुलढाण्याच्या या बाईने जवळजवळ तोच प्रश्न पुस्तक छापून विचारला होता. तिची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

ताराबाईंचा जन्म १८५० साली बुलढाण्यात झाला. वऱ्हाड तेव्हा होते हैदराबादच्या निजामाच्या कारभाराखाली. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासद. मुलीला शिकवणे लोकांना वेडेपणा वाटे अशा काळात त्यांनी लेकीला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. तिचे लग्न लहान वयातच झाले. नवरा घरजावई म्हणून राहिला. मूलबाळ झाले नाही.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेचा खटला गाजला. विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने मुभा दिली होती, रूढीने दिली नव्हती. विजयालक्ष्मीला दिवस गेले. बेअब्रूच्या भीतीने तिने जन्मलेल्या मुलाचा जीव घेतला. कोर्टाने फाशी सुनावली. अपिलात फाशी टळून काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गुन्हा भयंकरच, तो लहान करण्याचा आमचा हेतू नाही. पण त्या मुलाला बापही होता ना? वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती बाईच्या चारित्र्याची. ‘पुणे वैभव’ या सनातनी पत्राने तर साऱ्या स्त्रीजातीलाच धारेवर धरले.

ते वाचून ताराबाईंनी लेखणी उचलली. ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे त्यांचे पुस्तक १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. स्त्रियांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण त्या घेतात आणि तोच पुरुषांत किती पटींनी आहे ते दाखवतात. बायको मेली की पुरुष लगेच दुसरी करतो, मग नवरा मेलेल्या बाईने जन्मभर कोपऱ्यात का बसायचे? बाईला नादी लावणारा उजळ माथ्याने फिरतो आणि तुरुंग तिच्याच वाट्याला का? सुधारक म्हणवणाऱ्यांनाही त्यांनी सोडले नाही. ते बोलतात फार, करत काही नाहीत, असा त्यांचा रोख. भाषा घरगुती, म्हणींनी भरलेली, आणि चांगलीच झोंबणारी.

ती झोंबली. चहूकडून टीका झाली, त्यात सत्यशोधक मंडळीही होती. जोतीराव फुले मात्र पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. एवढे होऊनही ताराबाईंनी पुढे काही छापले नाही. १९१० मध्ये त्या वारल्या. पुस्तक विस्मृतीत गेले, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा लोकांसमोर आले.

मधल्या काळात देश स्वतंत्र झाला होता. २६ जानेवारी १९५० पासून १४वे कलम लागू झाले. १५व्या कलमाने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून राज्याने नागरिकांत भेदभाव करण्यास मनाई केली. पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत बुलढाण्याच्या बाईला पुरुषाइतकेच एक मत मिळाले. म्हणून जुने कायदे आपोआप सरळ झाले असे मात्र नाही. नागरिकत्वाचाच कायदा पाहा. १९५५ च्या कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व मिळे ते बाप भारतीय असेल तरच. आईचे नागरिकत्व त्यासाठी धरले जाऊ लागले १९९२ च्या दुरुस्तीनंतर. ज्यांच्या लेकीसुना परदेशी नोकरीला आहेत त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

दुसरे उदाहरण तर ख्रिस्ती समाजाचेच. चर्च विवाहबंधन अतूट मानते आणि आपलीही तीच श्रद्धा. पण ख्रिस्ती लोकांसाठी सरकारने केलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात काय होते, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला नवऱ्याचा नुसता व्यभिचार दाखवून भागत नसे, सोबत क्रूरता किंवा टाकून देणे असे काही आणखी सिद्ध करावे लागे. ताराबाईंनी पुस्तक लिहिले तेव्हा हा कायदा १३ वर्षांचा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये समानतेच्या कलमांवर बोट ठेवून ख्रिस्ती बायकोवरची ही जादा अट काढली, आणि संसदेने २००१ मध्ये कायदाच बदलला. ताराबाई जाऊन तेव्हा ९१ वर्षे झाली होती.